कॅमकॉर्डरचं शटर आणि इफेक्ट: लग्नसराईभर वापरल्यावर

1 इंच सेन्सरचा, लेन्सवर तीन रिंगा असलेला कॅमकॉर्डर. तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंत लातूर-नांदेड पट्ट्यातली लग्नं, सप्ताह आणि जत्रेतल्या कुस्त्या यावर निघाल्या. चित्र उत्तम, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. पैसे वसूल होतात ते शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ घ्यायचा ते, हाताने लावल्यावर. इफेक्टच्या मेनूवर मात्र भाळू नका.

पहिलं काम, मेनूत पाल (PAL, सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेमची पद्धत) आहे का बघा. एनटीएससी (NTSC, 30 किंवा 60 फ्रेमची) असेल तर बदला. काही मॉडेलांत त्यासाठी कार्ड फॉरमॅट होतं, म्हणून आधी रिकामं करून घ्या. मग 25पी ला (सेकंदाला 25 फ्रेम) शटर 1/50 सेकंद, 50पी ला 1/100. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. 1/60 किंवा 1/125 ठेवलं की चित्रात आडवे पट्टे उमटतात आणि हळूहळू सरकत राहतात. मेकअप रूममध्ये हे हमखास दिसतं.

लाइट जाऊन मांडव जनरेटरवर गेला की 1/50 लाही पट्टे येतात, कारण जनरेटर 51-52 हर्ट्झवर पळतो. इथे सिंक्रो स्कॅन (शटर बारीक टप्प्यांनी बदलायची सोय) कामाला आलं. स्क्रीनकडे बघत एकेक टप्पा सरकवायचा, पट्टा थांबून विरला की सोडायचं. स्टेजमागच्या एलईडी वॉललाही हाच उपाय, पण दर वॉलचा आकडा वेगळा. डिमरवरचे स्वस्त एलईडी पार (PAR) दिवे मात्र कशानेही सुधरत नाहीत. ते पूर्ण उजेडावर ठेवायला सांगा.

मे मधल्या दुपारच्या वरातीत ऑटो शटर थेट 1/500 वर जातं आणि नाचणारे तुकड्यातुकड्याने हलताना दिसतात. शटर 1/50 लाच बांधा, एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) 1/16 किंवा 1/64 लावा, आयरिस (लेन्सचं भोक) एफ 5.6 च्या आसपास राहू द्या. एफ 11 पुढे चित्र मऊ पडतं.

कुस्तीला उलटं. डाव हळू चालवून दाखवायचा तर 1/250. उजेड पाचपट घटतो, म्हणून दिवस मावळला की नाद सोडा. 18 डीबी गेनवर (कमी उजेडात चित्र उजळवायची सोय) फडातली माती आणि चित्रातले दाणे यातला फरकच कळत नाही.

स्लो शटर 1/12, 1/6 फक्त ट्रायपॉडवर आणि फोकस मॅन्युअल करून. समईची ज्योत छान येते, पण जेवण वाढणारा हात मागे सावली ओढत जातो.

इफेक्टांपैकी फेडर (चित्र हळूहळू उजळवणारा-मावळवणारा) कामाचा. स्टँडबायमध्ये बटण दाबा, चिन्ह लुकलुकलं की रेकॉर्ड. आवाजही सोबत उतरतो-चढतो. सेपिया (तपकिरी रंग), स्ट्रोब (तुटक हालचाल), मोझॅक (चौकोनी ठोकळे) थेट कार्डावर छापले जातात, एडिटिंगला रंग परत मिळत नाहीत. त्यात वैताग असा की कॅमेरा बंद करून चालू केला तरी सेपिया तसाच राहतो. अक्षता पडायच्या आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चिन्ह बघून घ्या.