‘समीर’ ॲप: आकडा खरा, पण आत्ताचा नाही

मुंबईत हवेचा आकडा बघायला एकच ॲप ठेवायचे असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ठेवावे. फुकट आहे, दर तासाला ताजे होते आणि त्यातले आकडे सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांमधून येतात. तरीही थंडीच्या दिवसांत सकाळी फिरायला जावे की नाही, हे निव्वळ त्याच्या रंगावर ठरवू नये. आकडा चुकीचा नसतो, पण लोक त्याला जो प्रश्न विचारतात त्याचे उत्तर तो देतच नाही.

हा आकडा म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, जितका मोठा तितकी हवा वाईट. देशात तो २०१५ साली आला. त्यात आठ प्रदूषक धरले जातात: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेत तरंगणारे बारीक कण, त्यात २.५ चे अधिक सूक्ष्म), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा तोच त्या केंद्राचा निर्देशांक ठरतो. किमान तीन प्रदूषकांची नोंद हवी आणि त्यात पीएम १० किंवा पीएम २.५ असायलाच हवा. चोवीसपैकी किमान सोळा तासांची माहिती हाती नसेल तर निर्देशांक निघत नाही. वीज गेली, यंत्र देखभालीला बंद राहिले की केंद्रापुढे आकडा दिसत नाही, तो यामुळे. रिकामी जागा म्हणजे हवा स्वच्छ, असा अर्थ काढू नका.

खरी गोम चोवीस तासांच्या सरासरीत आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन आठ तासांवर मोजतात, बाकी सगळे चोवीस तासांवर. एक उदाहरण मांडून बघू. दिवसभर पीएम २.५ घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम होते. मध्यरात्रीनंतर वारा पडला आणि ते १३० वर गेले. पहाटे सहाला सरासरी ६२.५ येते, म्हणजे ॲपवर १०८, पिवळा रंग, ‘मध्यम’. प्रत्यक्षात त्या घडीला नाकात जाणारी हवा १३० ची आहे. चोवीस तास तशीच राहिली असती तर निर्देशांक तीनशेच्या वर, ‘अतिशय वाईट’ श्रेणीत गेला असता. नऊपर्यंत तीच स्थिती राहिली की ॲप १४६ दाखवते. मग वारा सुटतो, पीएम २.५ पुन्हा ४० वर येते, पण रात्रीचे ते नऊ वाईट तास सरासरीतून हलत नाहीत. त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत आकडा १४६ वरच बसून राहतो. थोडक्यात, पहाटे कमी दिसलेला आकडा दुपारी जास्त दिसतो आणि हवा मात्र नेमकी उलट असते.

म्हणून दम्याचे रुग्ण, लहान मुले किंवा वयस्क घरात असतील तर ‘समीर’सोबत मंडळाचे सीसीआर (सेंट्रल कंट्रोल रूम) हे संकेतस्थळही वापरावे. तिथे राज्य, शहर, केंद्र, प्रदूषक अशा क्रमाने निवड करायची, कालावधी एक तास किंवा पंधरा मिनिटे ठेवायचा आणि शेवटचे सहा तास पाहायचे. आकडे चढते आहेत की उतरते, हे त्यात लगेच कळते. तासाच्या आकड्याचा अधिकृत निर्देशांक नसतो, पण ठोकताळा म्हणून पीएम २.५ साठी ६० आणि ९० या दोन रेषा लक्षात ठेवल्या तरी पुरते. साठच्या वर धावणे टाळावे, नव्वदच्या वर नाजूक तब्येतीच्या माणसाने बाहेर पडताना एन-९५ मास्क लावावा. मास्क नाकाच्या पट्टीपासून हनुवटीपर्यंत घट्ट बसला पाहिजे. साध्या तीन पदरी मास्कच्या कडांमधून हवा आत येते, त्याचा इथे फारसा उपयोग नाही.

आणखी एक घोटाळा हमखास होतो. मंडळाच्या निर्देशांकाच्या पानावर केंद्र उघडले की पीएम २.५ समोर दिसणारे किमान, सरासरी आणि कमाल आकडे मायक्रोग्रॅमचे नसतात, ते उपनिर्देशांक असतात. ते मायक्रोग्रॅम समजून कुणी व्हॉट्सॲपवर फिरवले की घबराट पसरते. परदेशी खासगी ॲपचा आकडा वेगळा येतो त्याचे कारण निराळे, तिथे बहुधा अमेरिकी मोजपट्टी असते. पीएम २.५ ची सरासरी ६० असेल तर आपल्याकडे निर्देशांक १०० येतो, ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या २०२४ च्या सुधारित मोजपट्टीवर तोच १५४ होतो, ‘अपायकारक’. हवा एकच, मोजपट्ट्या दोन. आपली मोजपट्टी सैल आहे हे मान्य करायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, आपली ६०.

शहराचा एकच आकडा बघण्यात तर अर्थच नाही. तो सगळ्या केंद्रांची सरासरी असतो. मुंबईत देवनार, चेंबूर, माझगाव, मालाड, बोरिवली अशी बरीच केंद्रे आहेत. काही राज्य मंडळाची, काही पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची, काही महापालिकेची. वांद्रे-कुर्ला संकुलात दोन संस्थांची दोन केंद्रे आहेत आणि त्यांचे आकडे जुळतीलच असे नाही. शेजारी खोदकाम चालले असेल तर फरक पडणारच. घरापासून जवळची दोन-तीन केंद्रे निवडावीत आणि आकड्याआधी मुख्य प्रदूषक कोणता ते बघावे. पीएम १० असेल तर रस्त्याची आणि बांधकामाची धूळ, पीएम २.५ असेल तर धूर: वाहने, कचरा जाळणे, भट्ट्या, कारखाने.

ऋतूप्रमाणे ॲपचा उपयोगही बदलतो. जून ते सप्टेंबर पाऊस आणि नैऋत्येचा वारा हवा धुऊन काढतात, तेव्हा रोज बघण्याची गरज नाही. पाऊस परतला की ऑक्टोबर हीटमध्ये वारा मंदावतो आणि आकडा चढू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, धूर वर जाऊ शकत नाही, धुरके साचते. खारे वारे उशिरा येतात, बरेचदा दुपारनंतर. या महिन्यांत पहाटे साडेपाचचा फेरफटका आरोग्यासाठी सर्वांत वाईट, दुपारी चार ते सहा बरा. खिडक्याही रात्री आणि सकाळी बंद ठेवून वारा फिरल्यावर उघडाव्यात. मार्चनंतर समुद्राचा वारा जोरात असतो, पीएम २.५ उतरते, धूळ मात्र राहते. बाहेरून येणारी धूळ वेगळीच: २३ जानेवारी २०२२ रोजी वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरा थर बसला होता. अशा दिवशी पीएम १० एकाएकी उसळते.

‘समीर’मधून प्रदूषणाची तक्रारही नोंदवता येते आणि तिची स्थिती पाहता येते. कचरा जळतोय, राडारोडा उघड्यावर टाकलाय, बांधकामाला पत्रे नाहीत, अशा गोष्टींसाठी. फोटोत जागेची खूण येऊ द्या, वेळ लिहा. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फूट, त्याहून कमी उंचीला २५ फूट पत्र्याचे कुंपण हवे, मालाच्या गाड्या झाकलेल्या हव्यात आणि बाहेर पडताना चाके धुतलेली हवीत. तक्रारीत ‘खूप धूळ आहे’ लिहिण्यापेक्षा यातले नेमके काय मोडले ते लिहा, आणि तीच तक्रार महापालिकेच्या १९१६ वरही नोंदवून क्रमांक टिपून ठेवा.