खोडातल्या सेन्सरपायी माझे १,५०,५०० रुपये गेले

गेल्या हंगामात द्राक्षाच्या खोडात पाण्याचे सेन्सर बसवून घेतले आणि फसलो. वीस वर्षं बाग करणाऱ्यानं हे लिहायचं म्हणजे लाज वाटते. पण ते विकणारी माणसं आता शेजारच्या तालुक्यात फिरताहेत असं कळलं, म्हणून लिहितोय.

सहा सेन्सर, प्रत्येकी १८,५००, म्हणजे १,११,०००. शेडवरचा सिमकार्डचा डबा २४,०००. ॲपची वर्षाची फी ९,६००. 'अनुदानाची फाईल' ५,९००. यातले ५०,००० यूपीआयनं दिले, ९४,६०० एनईएफटीनं, फाईलचे रोख. पावती फक्त पहिल्या ५०,०००ची, तीही जीएसटी नंबर नसलेली. पक्कं बिल हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. यामागचं शास्त्र खरं आहे. खोडात सुया बसवून उष्णतेचा छोटा झटका देतात, तो वरच्या सुईपर्यंत किती वेळात पोचला यावरून झाड पाणी किती वेगानं ओढतंय ते कळतं. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांत हे वापरतात. टेन्सिओमीटर, म्हणजे जमिनीतली ओल बघायचं यंत्र, मातीचं सांगतो, खोड झाडाचं सांगतं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही पटतं.

पण १० ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, तेव्हाच कळायला हवं होतं. पानगळ केलेली, काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावलेली, डोळे फुटलेले नाहीत, अख्ख्या बागेत एक हिरवं पान नाही. आणि मोबाईलवर दुपारी दोनला आलेख सप्टेंबरइतकाच वर! पान नाही तर दुपारी पाणी ओढणार कोण? मी बांधावर उभा राहून तो आलेख बघितला, मनात शंका आली, विक्रेत्याला फोनही केला. पलीकडचा म्हणाला, "दादा, मुळांचा दाब आहे, छाटलेल्या काडीतून पाणी गळतं ना?" गळतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी गप्प बसलो. त्याच दिवशी एक सुई उपटून बघितली असती तर! मुळांच्या दाबाचं पाणी रोज दुपारच्या उन्हाबरोबर चढत-उतरत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याचं ऐकलं, याचा राग अजून जात नाही.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ व्हायला लागल्यावर, ॲप 'झाड तहानलेलं' दाखवत राहिलं आणि मी ठिबक चाळीस मिनिटं जास्त चालवलं. त्या जास्तीच्या पाण्यानं दोन एकर थॉम्सन द्राक्षाच्या मण्यांना तडे गेले. व्यापाऱ्यानं किलोमागे ११ रुपये पाडले. मग भाच्यानं खोडावरच्या सेन्सरचा डबा उघडला. आत हवेचं तापमान मोजणारी चिप, बाकी काही नाही. सुया सालीतच अडकलेल्या, आतल्या लाकडापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. ऊन चढलं की आलेख चढायचा, एवढंच.

पोलीस ठाण्यात गेलो. "माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणाले. बँकेचंही तेच. कृषी कार्यालयात चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा दौऱ्यावर, तिसऱ्यांदा अर्ज साध्या कागदावर का दिला म्हणून परत पाठवलं, चौथ्यांदा म्हणाले महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या अर्जांच्या पोर्टलवर) तुमचा अर्जच नाही, आमचा संबंध नाही. अर्ज नाही, कारण ५,९०० घेणाऱ्यानं तो केलाच नव्हता! आमच्याच गावच्या मेळाव्यात हे विक्रेते यांच्याच मांडवात, यांच्याच शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. तेव्हा संबंध होता?

अनुदानाचा अर्ज स्वतः करा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, मधल्या माणसाची फाईल नावाची वस्तूच नसते. खोडाचा सेन्सर घ्यायचाच असेल तर एकच लावा, तोही छाटणीच्या आधी, आणि पानं नसताना काय दाखवतो ते बघा. पान तासभर फॉइलच्या पिशवीत झाकून, भर दुपारी प्रेशर चेंबरनं (पानातला पाण्याचा ताण मोजायच्या यंत्रानं) मोजून सेन्सरच्या आकड्याचा ताळा करून मागा. विकणारा तयार नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. ऑक्टोबरचे सगळे स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या डब्याचे फोटो माझ्याकडे आहेत. करड्या रंगाचा डबा, दोन सुया आणि हिरवी वायर कुणाच्या बागेत बसवली असेल तर आजच एक सुई उपटून तिची लांबी मोजा, फोटो काढा आणि मला कळवा. तक्रार एकत्र करू.