बेदाण्याच्या अडत दुकानात ईआरपी, अकरा महिने वापरून (आणि ते पॉइंट आठशे सदुसष्ट बॉक्स)

परवा आमच्या ईआरपीच्या, म्हणजे खरेदी ते हिशोब सगळं एकाच ठिकाणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) बिल आलं, ४२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५६०. ते अण्णांच्या हातात दिलं आणि नशीब बघा, त्याच वेळी टेबलावर स्टॉकचा रिपोर्ट पडला होता, त्यात एका लॉटपुढं लिहिलंय ३१२.८६७ बॉक्स. अण्णांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "ह्ये पॉइंट आठशे सदुसष्ट बॉक्स स्टोरेजला कुठल्या थप्पीत ठेवलंय तेवढं दाखव, मग चेक फाडतो." म्हणून हे लिहायला बसलोय.

सॉफ्टवेअरचं नाव टाकत नाही, उद्या परत त्याच लोकांकडनं काम करून घ्यायचंय. फीचर सांगत बसत नाही, खरेदी विक्री स्टॉक अकाउंट ई-इन्व्हॉइस, डेमोत सगळ्यांचं सारखंच दिसतं.

आमचं सांगली मार्केट यार्डात अडतीचं दुकान, मुख्य बेदाणा, थोडी हळद. आधी अकाउंट टॅलीत, लॉट वहीत, आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) निघायची एका जुन्या डॉसच्या प्रोग्रॅमवर, जो बनवणारा माणूस आता फोन उचलत नाही. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं झालं आणि एकच बिल तीन ठिकाणी टाइप करायची वेळ आली. वर्षभर ते केलं, मग हात टेकले. लायसन्स, बसवणं, ट्रेनिंग सगळं धरून २,८५,००० गेले. अण्णांच्या हिशोबात हा आकडा अजून "एक बरी सेकंडहँड गाडी" असाच आहे.

पहिली झटापट तारखेवरनं झाली. पुण्याहून आलेला कंपनीचा पोरगा (हुशार होता, खोटं कशाला बोला) म्हणाला १ एप्रिललाच सुरू करू, नवीन आर्थिक वर्ष, स्वच्छ सुरुवात. बेदाण्यातल्या कुठल्याही माणसाला हे ऐकून हसू येईल. फेब्रुवारी मार्चमध्ये शेडवर माल पडलेला असतो, एप्रिलला कोल्ड स्टोरेजच्या दारात गाड्यांची लाइन लागते, सौद्याच्या (लिलावाच्या) दिवशी जेवायला दुपारचे चार वाजतात. दिवाणजी तिथंच म्हणाले, "एप्रिलमधी मला मरायला बी सवड न्हाई, शिकायला कुठनं आणू?" आणि त्यांनीच मग झिरो पेमेंटच्या वेळेचं काढलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, दिवाळीच्या तोंडावर सांगली तासगावला महिनाभर बेदाण्याचे सौदे बंद असतात, व्यापाऱ्याकडचं येणं वसूल करायचं, शेतकऱ्याचं देणं भागवायचं, खाती शून्यावर आणायची आणि मग नव्यानं सौदे. म्हणजे ओपनिंग बॅलन्स भरायला याच्याइतकी चांगली वेळ वर्षात दुसरी नाही. एरवी पाच सहाशे बिलं बाकी असतात, त्या दिवाळीला फक्त बेचाळीस पार्ट्यांचं बॅलन्स भरावं लागलं, तेही हळदीचे आणि दोन चार भांडणातले. वर्षाच्या मध्येच सुरू केल्यामुळं सीए कुरकुरले, सात महिने जुन्यात आणि पाच महिने नव्यात, पण एकदा ट्रायल बॅलन्स जुळल्यावर गप्प बसले. २,८५,००० च्या सगळ्या प्लॅनिंगमध्ये सगळ्यात कामाचा सल्ला दिवाणजींनी फुकट दिला, एवढं नोंदवून ठेवा.

नावांची साफसफाई मात्र कुणी सांगितली नव्हती. जुन्या प्रोग्रॅममध्ये १,९०० च्या आसपास शेतकरी निघाले, खरे ११४० भरले. सावळजचे एक पाटील तीन स्पेलिंगनं, मणेराजुरीचे बाप आणि दोन पोरं एकाच मोबाइल नंबरवर. कंपनीनं एक्सेल दिली आणि म्हणाले भरून पाठवा, मोबाइल नंबर युनिक पाहिजे. मी आणि बायकोनं नवरात्रातल्या रात्री त्याच्यात घालवल्या. नवीन घेणाऱ्यांनी याचे पंधरा दिवस वेगळे धरा, कोटेशनमध्ये हे कुठंच लिहिलेलं नसतं.

आता ते पॉइंट प्रकरण.

बेदाणा येतो बॉक्समध्ये, बॉक्स म्हणायला १५ किलोचा. काट्यावर कुठला १४.८०० भरतो, कुठला १५.१००, स्टोरेजला राहून अजून थोडं इकडं तिकडं. विकायचा किलोवर, स्टोरेजचं भाडं आणि हमाली बॉक्सवर. म्हणजे दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही वेगळे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आयटमचं युनिट एकच, किलो, आणि बॉक्स म्हणजे किलो भागिले १५. आमचा ४,६९३ किलोचा ३१३ बॉक्सचा लॉट त्यानं ३१२.८६७ केला. स्टोरेजच्या पावतीवर ३१३, गाडीत ३१३, आमच्या चलनावर ३१२.८६७. हमालांचा मुकादम चलन बघून म्हणाला, "मालक, राहिलेला तुकडा आमी उचलला न्हाई व्हय?" कारण हमालीही त्याच आकड्यावर निघाली होती, दर लॉटला थोडे पैसे कमी.

सपोर्टला फोन केला तर म्हणाले राउंडिंग चालू करा. केलं. मग एक हलक्या बॉक्सचा लॉट आला, २५० बॉक्स, ३,७१५ किलो. १५ नं भागून २४७.६६७, राउंड करून २४८. दोन बॉक्स गायब! पॉइंट होता तेव्हा निदान कळायचं तरी की काहीतरी चुकलंय, आता आकडा एकदम साळसूद दिसायला लागला आणि खोटा. त्या दिवशी राउंडिंग बंद केलं ते आजतागायत.

यात आमची पण चूक आहे, लपवत नाही. टेस्टिंगच्या वेळी मी जो लॉट टाकला तो १०० बॉक्स, १,५०० किलो. आपलं सोपं म्हणून. त्यात पॉइंट येणारच कुठनं? सगळं बरोबर दिसलं, मी यूएटीच्या (टेस्टिंग झालं, मान्य आहे अशा) कागदावर सही ठोकली, आणि त्या सहीनंतर सगळं "चेंज रिक्वेस्ट", म्हणजे वेगळे पैसे देऊन करायचा बदल, झालं. बॉक्सचा आकडा वेगळा ठेवायला त्यांनी तीन मॅन-डे (एका माणसाचं एका दिवसाचं काम) सांगितले, दिवसाला ६,५००, जीएसटी धरून २३,०१०. वर हे की सर, स्टँडर्ड प्रॉडक्टमध्ये असं कुणी मागत नाही. का मागत नाही? मांस, मासे, चीज विकणाऱ्यांना हीच अडचण असते, नग वेगळा आणि वजन वेगळं, एसएपी आणि मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स या मोठ्या ईआरपींमध्ये त्याला कॅच वेट म्हणतात, तयार सोय आहे. म्हणजे जगात आहे, फक्त आमच्या पॅकेजमध्ये नाही. टेस्टिंगला वहीतला खरा, वाकडातिकडा लॉट टाका, आवक ते पट्टी ते भाडं सगळं फिरवा, आणि मगच सही करा.

मार्चपर्यंत मी एक स्टारच देणार होतो. मग मे महिन्यात वेगळंच झालं. पॉइंटवर वैतागून दिवाणजींनी प्रत्येक लॉटच्या रिमार्कमध्ये खरे बॉक्स लिहायला सुरुवात केली होती, आणि माल बाहेर गेल्याची तारीख तर सिस्टिममध्ये होतीच. स्टोरेजचं भाड्याचं बिल आलं ते मी सहज एक्सेलला काढून लावून बघितलं, तर तीन लॉट आधीच गेलेले आणि त्यांचं भाडं दोन महिने लागतंय. वहीवर हे कधीच सापडलं नसतं, आधी किती वर्षं गेलं असेल देव जाणे. ११,००० च्या आसपास परत मिळाले. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून लॉट रिपोर्ट रोज सकाळी चहाबरोबर मागतात.

जीएसटीचं पण बरं निघालं. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही हा खुलासा २१ डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या कौन्सिल बैठकीत आला, तेव्हा आमच्याकडं टॅक्स आयटमला चिकटवलेला होता, पार्टीला नाही, म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीवरही ५ टक्के उमटायचे. ते त्यांनी फुकटात दुरुस्त केलं, मान्य. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरूगेटेड बॉक्सचा रेट १२ वरून ५ झाला तेव्हा तारखेप्रमाणं नवीन रेट टाकायला मला दहा मिनिटं लागली, जुनी बिलं जशीच्या तशी राहिली. शेजारच्या गाळ्यात त्या आठवड्यात हातानं खोडाखोड चालली होती.

पट्टी मराठीत निघते, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शेतकऱ्याला जाते, पण डॉट मॅट्रिक्सवर अर्ध्या पानात काही बसत नाही, ए४ चाच कागद लागतो. कागदाचा खर्च अण्णांनी वेगळा लिहून ठेवलाय. मोबाइल ॲप आहे, उघडत नाही कोणी.

दुसरं पॅकेज बघावं का? बघितलं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं, ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत, पण बसवून देणारा माणूस लागतोच आणि तो परत मॅन-डेवरच येणार. ते ११४० शेतकरी परत एक्सेलमध्ये भरायची ताकद आता माझ्यात नाही, बायकोनं तर आधीच सांगितलंय.

तर एएमसीवर मी त्यांना मेल केला की बॉक्सचं वेगळं फील्ड एएमसीतच करून द्या, नाहीतर रिन्यू करत नाही. अण्णांचा निरोप पण तसाच खाली टाकला, बिलाचे पैसेही १५ नं भागून पाठवतो म्हणून.

अपडेट: काल फोन आला. तीनचे दीड मॅन-डे झाले, ९,७५० अधिक जीएसटी, आणि काम दिवाळीनंतर. मी म्हणलं दिवाळीनंतर नाही, आत्ता, झिरो पेमेंटमुळं सौदे बंद आहेत तोवरच, नंतर मला टेस्टिंगला वेळ नाही. बघतो म्हणाले. दिवाणजींनी टेस्टिंगसाठी २५० बॉक्स, ३,७१५ किलोचा तोच लॉट चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.