बेघर निवारा केंद्रं: नियम चांगले, पण वेळा आणि क्रम चुकीचा

फुटपाथवर आणि उड्डाणपुलाखाली ताडपत्री बांधून राहणाऱ्यांसाठी महापालिकेकडे दोन सेवा आहेत. एक अतिक्रमण निर्मूलनाची गाडी आणि दुसरी शहरी बेघर निवारा केंद्रं. दोन्ही करदात्याच्या पैशावर चालतात आणि त्याच माणसांपर्यंत पोचतात, म्हणून त्यांचं परीक्षण एकत्रच करायला हवं. आमचं मत आधीच सांगतो. निवारा केंद्राची कल्पना विचारपूर्वक आखलेली आहे, पण ज्याची ताडपत्री उचलली त्याला त्या रात्री तिचा उपयोग क्वचितच होतो.

निकषांपासून सुरुवात करू. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान 2013 मध्ये सुरू झालं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहराच्या दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा. माणशी 50 चौरस फूट जागा हवी आणि दार चोवीस तास, बारा महिने उघडं हवं. पाणी, न्हाणीघर, संडास, स्वयंपाकाची जागा, प्रथमोपचार, डासांचा बंदोबस्त, अंथरूण-पांघरुणांची नियमित धुलाई हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पुरुष, स्त्रिया, कुटुंबं आणि आजारी-वृद्ध यांची वेगळी सोयही सांगितली आहे. यापेक्षा चांगला मसुदा मागावा असं फारसं काही नाही.

आता हिशेब करून पाहा. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. निकष शंभर टक्के पाळला तर 124 केंद्रं, म्हणजे 12,400 जागा होतात. त्याच जनगणनेने मुंबईत मोजलेले बेघर सुमारे 57 हजार होते. म्हणजे नियम पूर्ण पाळूनही पाचांतल्या जेमतेम एकाला जागा मिळते. शिवाय 100 जणांच्या एका केंद्राला 5,000 चौरस फूट लागतात. दादर, परळ, भायखळ्यात एवढी जागा मोकळी मिळत नाही. मग केंद्र मिळेल त्या जागेत आणि कामापासून लांब उभं राहतं. सूचनांमध्ये बेघर जिथे राहतात आणि काम करतात त्या भागाजवळच केंद्र असावं असं म्हटलेलं असलं, तरी प्रत्यक्षात हाच मुद्दा सर्वात आधी मागे पडतो.

अंतराइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं आहे, आणि याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. फुटपाथवर झोपणारा माणूस बहुतेक वेळा कामकरी असतो. लग्नसराईत केटरिंगवर जाणारे वाढपी रात्री एक-दीडला सुटतात. भाजी मंडईतला हमाल रात्रभर माल उतरवतो आणि सकाळी नऊला झोपायला जागा शोधतो. नाक्यावरच्या बिगाऱ्याला पहाटे उठून सातच्या आत नाक्यावर उभं राहावं लागतं, नाहीतर दिवस बुडतो. ज्या केंद्राचं दार रात्री दहाला लागतं आणि सकाळी आठला सगळ्यांना बाहेर काढलं जातं, ते या तिघांपैकी एकाच्याही कामाचं नाही. खाटा रिकाम्या दिसतात आणि ‘ह्यांनाच यायचं नसतं’ असा शेरा मारला जातो. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत काळजीवाहक ठेवले की हा प्रश्न सुटतो. ते ठेवले जात नाहीत, कारण अनुदानाचे हप्ते उशिरा आले की केंद्र चालवणारी संस्था आधी माणसं कमी करते.

दुसरी अडचण सामानाची. गजरे विकणाऱ्या बाईकडे टोपली, फुलं, स्टोव्ह, दोन पातेली आणि गोधड्या असतात. कुलूप लावता येईल असा कप्पा नसेल तर ती येणार नाही. तिने आलं पाहिजे असा आग्रहही कोणी धरू नये, कारण ते सामान हेच तिचं भांडवल आहे. तिसरी अडचण कुटुंबाची. मुंबईत फुटपाथवर पारधी आणि इतर समाजांची अख्खी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बाप एका केंद्रात, आई-लेकी दुसऱ्या केंद्रात आणि चौदा वर्षांचा मुलगा तिसरीकडे, ही व्यवस्था कोणतीच आई मान्य करणार नाही. कुटुंबांसाठीची केंद्रं वाढवणं हीच आमच्या मते सर्वात निकडीची सुधारणा आहे.

अतिक्रमणाच्या गाडीचं काम वेगवान आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 314 खाली रस्त्यावरची वस्तू पूर्वसूचनेशिवाय हटवता येते. राज्यातल्या इतर महापालिकांच्या अधिनियमात तसंच कलम 231 आहे. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, 10 जुलै 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात, कलम 314 वैध ठरवलं, पण उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो आणि सूचना न देणं हा अपवाद असायला हवा, असंही सांगितलं. प्रत्यक्षात बिघडतं ते इथे: ताडपत्रीबरोबर पिशवीही गाडीत जाते आणि पिशवीत आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, टीबीच्या गोळ्या असतात. पंचनामा आणि पावती नसेल तर गोदामातून काही परत मिळवणं अशक्य होतं. टीबीचा डोस चुकला की उपचार विस्कटतो. कागद गेले की निवारा, रेशन, शाळाप्रवेश सगळंच अडतं. दोन-चार दिवसांत तीच माणसं शेजारच्या रस्त्यावर, आधीपेक्षा गरीब होऊन दिसतात.

निवाऱ्याचा खरा गुण कागदपत्रांत दिसतो. मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुख यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतो आणि त्यावर आधार निघतं. मतदार नोंदणीसाठी तर निवाऱ्याचीही गरज नाही. नमुना 6 मध्ये झोपायची जागा लिहायची, मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन, एकाहून जास्त वेळा, माणूस तिथेच झोपतो का ते पाहतो. पत्त्याचा कागद लागत नाही. चांगलं केंद्र हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करतं. केंद्राची पारख करायची तर खाटांआधी ही नोंदवही मागा.

मानसिक आजार असलेल्या, भटकणाऱ्या व्यक्तीसाठी सामान्य निवारा चुकीची जागा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 नुसार तिला संरक्षणात घेऊन 24 तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. हे कलम पोलीस ठाण्यात नाव घेऊन सांगावं लागतं. निराधार वृद्धासाठी 14567 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनने दोन्ही सेवा एका धाग्यात ओवल्या आहेत. सार्वजनिक जागी तंबू टाकायला तिथे 2017 पासून बंदी आहे, म्हणजे ते शहर फार मवाळ आहे असं नाही. पण वस्ती हटवायची ठरली की कार्यकर्ते काही आठवडे आधीच तंबूतंबूत जातात. प्रत्येकाचं नाव सगळ्या संस्थांच्या सामाईक यादीत घेतात, कागद जमवतात, भाड्याचं घर नक्की करतात. माणसं घरात गेली की मग जागा साफ होते. 2011 नंतर तिथल्या बेघरांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. तिथली भाडी मुंबईच्या मानाने परवडणारी आहेत, त्यामुळे घर देण्याचा भाग आपल्याकडे जसाच्या तसा जमणार नाही. यादी आणि क्रम मात्र उद्यापासून घेता येईल. त्याच अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 28 जून 2024 च्या ग्रँट्स पास निकालाने निवाऱ्यात जागा नसतानाही उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करायची मुभा शहरांना दिली. तो रस्ता आपण घेऊ नये, कारण दंड भरायला पैसे नसलेल्याला दंड केल्याने फक्त पोलिसांच्या नोंदी वाढतात.

तुमच्या प्रभागात कारवाई होणार असेल तर विभाग कार्यालयात लेखी विचारा: या जागेवरची किती माणसं मोजली, त्यांतली कुटुंबं किती? दोन किलोमीटरच्या आत कोणत्या केंद्रात आज किती जागा रिकाम्या आहेत, आणि तिथलं दार किती वाजता लागतं? उचललेलं सामान कोणत्या गोदामात जाणार आणि पावती कोण देणार? अतिक्रमण विभाग आणि निवाऱ्याचं काम पाहणारा विभाग, दोघांच्याही नावे अर्ज करा. एकालाच दिला तर उत्तर दुसऱ्याकडे बोट दाखवणारं येतं.