अलास्का आणि हवाई: एकाच वर्षी राज्य झालेले दोन प्रदेश

दोन्ही १९५९ मध्ये अमेरिकेची राज्यं झाली. अलास्का जानेवारीत, हवाई ऑगस्टमध्ये. अलास्का सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचं, देशातलं सर्वांत मोठं राज्य. राजधानी जुनोला बाहेरून रस्ताच नाही, बोटीनं किंवा विमानानं जायचं. हवाई म्हणजे पॅसिफिकमधली ज्वालामुखींची बेटं. उंचीत अलास्कातलं डेनाली शिखर (६,१९० मीटर) पुढे, पण समुद्राच्या तळापासून मोजलं तर हवाईतला मौना केआ ज्वालामुखी दहा हजार मीटरवर जातो.

मला जास्त अस्वस्थ करतो तो इतिहास. अलास्का १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतलं. मूळ रहिवाशांना कुणी विचारलं नाही. हवाईत तर नांदतं राज्य होतं. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली. अमेरिकी काँग्रेसनं माफी मागितली ती १९९३ मध्ये, शंभर वर्षांनी.