वेळास: कासवं बघायला जाताय? मग गावातच राहा

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांसाठी जाणार असाल तर गावकऱ्यांच्या घरीच उतरा, पैसे थेट त्या घरात जातात. आम्हाला माजघरात गाद्या, संडास परसात. पण पानातलं कुळथाचं पिठलं, भाकरी, सोलकढी! काकूंचा आग्रह तर विचारूच नका. पूर्वी इथली कासवांची अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन ती राखली. सकाळ-संध्याकाळ अंडी पुरलेल्या खड्ड्यावरची टोपली उचलतात, पिल्लं असली तर समुद्राकडे सोडतात. नसली तर नसली, त्यावरून हुज्जत घालणाऱ्यांनी मत्स्यालयात जावं. दोरीपलीकडे मोबाइल घेऊन घुसणाऱ्यांना मात्र अजून कडक दटावायला हवं. एप्रिलमध्ये उकाडा मरणाचा, मार्च बरा.