एंडोस्कोपी चोख, पार्किंगच्या नावानं बोंब

चार स्टार. पाचवा पार्किंगपायी कापला. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत गाडी लावताना पित्त खवळतं ते वेगळंच. अकराची वेळ म्हणजे बारा धरून चला. आणि रात्रीपासून उपाशी बसलेल्या पेशंटांसमोर टीव्हीवर रेसिपी शो लावू नये, ही नम्र विनंती.

माझं नारायण पेठेत पोळीभाजी केंद्र आहे. पोटात आग पडते म्हटलं की जो तो "ताई, तुमच्या त्या तिखटानंच" म्हणून मोकळा होतो. इथल्या डॉक्टरबाईंनी आधी तपासलं, मग बोलल्या. घशात कडू स्प्रे, दातांत प्लास्टिकचं कडं, नळी आत, आणि "झालं सुद्धा!" जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून त्यांनी पिवळ्या जेलमध्ये ठेवला. मी तोंड पुसून उठेस्तोवर जेल कडेनं गुलाबी व्हायला लागलं होतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, त्याच्या आडोशानं आम्लात तगतो. जेलचा रंगही त्यानंच बदलतो.

"मग ॲसिडिटीची गोळी घेते की," मी म्हटलं. त्यावर बाईंनी कागदावर चित्रच काढलं. जठराचं वरचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. खाली ग्रंथींमध्ये मूळ पेशी असतात, त्या विभागून वर भरती पाठवतात. हा जंतू थेट त्या ग्रंथींत शिरून बसू शकतो, आणि मग हे विभाजन वाढतं. त्याच्या काही जाती तर कॅग-ए नावाचं प्रथिन पेशीत टोचून तिच्या वाढीचं गणितच बिघडवतात. मला आपली लग्नाची ऑर्डर आठवली: घाई वाढली की पोळ्या वाकड्या. इथेही सूज आणि घाई वर्षानुवर्षं चालली की चुका साठत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच याला कर्करोगकारक ठरवलंय. माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "अहो, बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण सापडलाय तर काढायचा."

कोर्स १४ दिवसांचा: दोन अँटिबायोटिक, बिस्मथ, आम्ल कमी करणारी गोळी. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तोंडाला मात्र अशी धातूची चव आली की आमटीचं मीठ बघायला भाचीला बोलवायची वेळ आली. औषध अर्धवट सोडायचं नाही, जंतू दाद देईनासा होतो.

जंतू गेला का, ते कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या तपासणीत कळतं, आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते. दुसऱ्या एका लॅबवाल्यानं मला रक्ताचं पॅकेज गळ्यात मारायला बघितलं. जंतू गेला तरी रक्तात अँटिबॉडी बरेच महिने राहतात, मग त्यातून काय कळणार कपाळ? इथे नुसतं फुंकायचं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

यूपीआय चालतं. बायोप्सीचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्या. आणि रिक्षानं जा.